कुंडली नव्हे, विषाणूचा सातबारा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या शेतीच्या पानावर टोमॅटोच्या एका नव्या विषाणूविषयी चौकट आली होती. मथळ्यात ‘जनुकीय कुंडली’ हा शब्द, खाली ‘टोमॅटो ब्राऊन रुगोज फ्रूट व्हायरस’ असे विषाणूचे लांबलचक इंग्रजी नाव, एका खराब फळाचा फोटो आणि शेवटी ‘शेतकऱ्यांनी काळजी घ्यावी’ हे वाक्य. काळजी कशाची घ्यायची, आणि ती कुंडली मांडून शास्त्रज्ञांना नेमके कळले काय, यावर एक ओळ नव्हती. मी जुन्नर तालुक्यात गेली १९ वर्षे भाजीपाल्याची रोपवाटिका चालवते. टोमॅटो, ढोबळी, मिरची, फ्लॉवर. लग्नाआधी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केले होते, ते सगळे शिक्षण ट्रेमधल्या रोपांपाशीच कामाला आले. त्या चौकटीत जे राहून गेले ते कोणीतरी लिहायला हवे असे फार वाटले, म्हणून हे पत्र. लांब झाले आहे. कात्री लावण्याआधी एकदा पूर्ण वाचावे ही विनंती.

आधी ‘कुंडली’ या शब्दाबद्दल. कुंडलीतून माणसे पुढचे भविष्य विचारतात. विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर, म्हणजे जिनोम, रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. ती अक्षरे वाचून पुढे काय घडेल ते कोणी सांगत नाही. त्यातून कळते ते असे : हा कोण, कोणाच्या घराण्यातला, त्याच्या नावावर काय काय आहे, शेजारी कोण, आणि मूळ नोंदीत कधी, कुठे बदल झाला. असल्या कागदाला आपल्याकडे सातबारा म्हणतात. विषाणूच्या अक्षरांत होणाऱ्या बदलाला शास्त्रज्ञ म्युटेशन म्हणतात आणि जमिनीच्या इंग्रजी कागदपत्रांत फेरफार नोंदीलाही म्युटेशनच म्हणतात. तेव्हा आपल्या वाचकाला हा विषय परका नाही. त्याला तो भविष्याच्या भाषेत सांगितला, की तो एकतर घाबरतो किंवा पान उलटतो. या दोन्ही गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

२०२० च्या मे महिन्यात टाळेबंदी होती. उन्हाळी टोमॅटो तोड्याला आला आणि फळे नीट पिकेनात. देठाशी हिरवी, मधे पिवळी, एखाद्याच बाजूला लाल, आणि कापली तर आत पांढरट, कडक. जुन्नर, संगमनेर, अकोले, सगळीकडून एकच ओरड. लोकांनी त्याला ‘तिरंगा’ नाव देऊन टाकले. त्यातच बातम्यांमधून असा सूर निघाला, की टोमॅटोचा हा विषाणू माणसालाही धोकादायक असू शकतो. करोनाने आधीच जीव मुठीत धरलेली माणसे. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाने टोमॅटोकडे पाठ फिरवली. ज्यांची फळे चांगली होती त्यांचेही क्रेट बाजारात पडून राहिले. वनस्पतींचे विषाणू माणसाला लागत नाहीत, हे साधे वाक्य त्या दिवसांत मी फोनवर किती वेळा बोलले असेन याची मोजदाद नाही.

माझ्याकडून रोपे नेलेल्या ११ जणांचे प्लॉट त्या हंगामात गेले. आमचा स्वतःचा एक एकरही गेला. बांबू, तार, सुतळी, मल्चिंग, सगळा खर्च झालेला होता. त्या अकरांपैकी कोणी माझ्याशी भांडले नाही. पण एक जण, वडिलांच्या वयाचे, शेडनेटच्या दाराशी उभे राहून एवढेच म्हणाले, “ताई, रोपातच होता का गं?” मला उत्तर देता आले नाही. आजही येत नाही. या पत्राचे मूळ त्या प्रश्नात आहे.

त्याच आठवड्यात आमच्या प्लॉटवरून नमुने नेले गेले. कोणत्या कार्यालयाची माणसे होती ते लिहीत नाही, कारण दोष एकट्यादुकट्याचा नाही. भर दुपारी त्यांनी पाने आणि फळे प्लास्टिकच्या पिशवीत भरली, पिशवीला गाठ मारली आणि गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली. मे महिन्याच्या उन्हात बंद पिशवीतले पान संध्याकाळपर्यंत घामेजून काळे पडते. पान कागदात गुंडाळायचे असते, थंड डब्यात ठेवायचे असते, कोणत्या झाडाचे, कोणत्या गटाचे, कोणत्या तारखेचे ते वर लिहायचे असते. त्यांनी माझा फोन नंबरही लिहून घेतला नाही. अहवाल आला नाही, आणि मी विचारायला गेले तेव्हा नमुन्याचा क्रमांक मागितला, जो मला कोणी दिलाच नव्हता.

पुढे बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत या भागातल्या नमुन्यांत प्रामुख्याने काकडी मोझॅक विषाणू सापडल्याचे वर्तमानपत्रांत वाचले. हा काही नवा नव्हे. १९१६ पासून शास्त्राला ठाऊक आहे, हजाराहून जास्त जातींच्या झाडांवर राहतो, आणि मावा कीड तो पसरवते. मावा रोगट पानावर सोंड टेकतो आणि मिनिटाभरात दुसऱ्या झाडाला विषाणू देऊन मोकळा होतो. म्हणून मावा दिसल्यावर औषध मारून हा रोग थांबत नाही, औषधाने मावा मरेपर्यंत काम झालेले असते. हे त्या वर्षी कोणी सांगितले असते तर आमच्या गावात ‘व्हायरसवरचे औषध’ म्हणून विकलेल्या बाटल्यांचे पैसे तरी वाचले असते. झाडात शिरलेला विषाणू मारणारे औषध बाजारात नाही. मी स्वतःही त्या वेळी दोन बाटल्या आणल्या होत्या. घाबरलेले माणूस काहीही विकत घेते.

पण ते उत्तर सगळ्या भागाचे होते. माझ्या प्लॉटचे उत्तर, त्या अकरा प्लॉटांचे उत्तर, मिळाले नाही.

आता तपासणी आणि अक्षरवाचन यांतला फरक. चौकटीत हाच राहून गेला होता. नेहमीची तपासणी म्हणजे पानाच्या रसात बुडवायची पट्टी असो वा प्रयोगशाळेतली पीसीआर, तिला आपण प्रश्न देतो : तू अमुक विषाणू आहेस का? ती हो किंवा नाही म्हणते. जो प्रश्न विचारलाच नाही त्याचे उत्तर ती देत नाही. पट्टीचा आणखी एक घोटाळा असतो. जवळच्या नात्यातला दुसरा विषाणू असला तरी ती ‘हो’ म्हणू शकते, जसे दोन चुलत भावांचे आडनाव एकच. सगळी अक्षरे वाचली, की प्रश्न उघडा राहतो : तू कोण आहेस? नव्या विषाणूच्या बाबतीत हाच प्रश्न कामाचा, कारण तो कोण असेल हे आपल्याला आधी माहीत नसते.

हे काम कसे चालते ते मला माझ्या मुलीने समजावले. ती पुण्यात जैवतंत्रज्ञान शिकते. दिवाळीत घरी आली तेव्हा ओसरीवर लॅपटॉप उघडून बसलो होतो. पान द्रव नायट्रोजनमध्ये टाकतात, क्षणात ते काचेसारखे कडक होते, मग खलात कुटून त्याचे पीठ करतात. त्या पिठातून आरएनए, म्हणजे डीएनएसारखाच जनुकीय अक्षरे वाहणारा रेणू, वेगळा काढतात. बहुतेक वनस्पती-विषाणूंचा सगळा जुमला आरएनएवर लिहिलेला असतो. पण निघालेल्या आरएनएत बहुतांश वाटा टोमॅटोचाच असतो, विषाणूचा थोडा. मग त्याच्या डीएनए प्रती करून यंत्राला देतात आणि यंत्र शे-दीडशे अक्षरांचे लाखो तुकडे वाचून काढते. मला हे डोळ्यांसमोर येईना, तेव्हा मुलगी म्हणाली, “आई, एकाच लग्नपत्रिकेच्या हजार प्रती घे, प्रत्येक वेगळ्या ठिकाणी फाड, आणि सगळे तुकडे गव्हाच्या पोत्यात मिसळ.” एका तुकड्यावर ‘चि. सौ. कां.’ आणि पुढची अर्धी ओळ, दुसऱ्यावर तीच अर्धी ओळ आणि तिच्या पुढची. सारखा भाग सारख्या भागावर ठेवत गेले की पत्रिका जुळते. कडेचे तुकडे मात्र सर्वांत कमी सापडतात, म्हणून पहिली आणि शेवटची काही अक्षरे वेगळी खटपट करून वाचावी लागतात. ती वाचल्याशिवाय जिनोम पूर्ण म्हणत नाहीत. मला हा कडेचा मुद्दा फार आवडला. आमच्याकडे मोजणीत बांधाचीच शेवटची फूटभर जागा भांडणाची असते.

जुळवलेली अक्षरे मग जगभरच्या सार्वजनिक नोंदींशी ताडून बघतात. तिथे कोणीही जाऊ शकतो, फी नाही. मुलीने माझ्याकडूनच एक क्रमांक टाइप करून घेतला : केटी ३८३४७४. समोर उघडला तो जॉर्डनमधल्या एका टोमॅटोच्या झाडातून आलेला सातबारा.

आपल्या चौकटीतला विषाणू तोच. इंग्रजी नाव ‘टोमॅटो ब्राऊन रुगोज फ्रूट व्हायरस’. रुगोज म्हणजे सुरकुतलेले, खडबडीत. २०१५ च्या वसंतात जॉर्डनच्या हरितगृहांतल्या टोमॅटोवर हंगामाच्या अखेरीस पानांवर किरकोळ लक्षणे दिसली, पण फळांवर तपकिरी खडबडीत डाग आले आणि माल बाजारात उठेना. जॉर्डन विद्यापीठातल्या निदा सालेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची सगळी अक्षरे वाचली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. एकूण ६,३९३ अक्षरे. आपल्या या पत्रातली अक्षरेसुद्धा त्याहून जास्त भरतील. एवढ्याशा मजकुरात एक अख्खे हरितगृह आडवे करण्याची ताकद असते.

हा आकडा वाचून मी थांबले होते, कारण कॉलेजमध्ये आम्ही तंबाखूचा मोझॅक विषाणू शिकलो होतो. विषाणू नावाची चीज जगाला पहिल्यांदा कळली ती त्याच्यामुळेच : १८९२ मध्ये इव्हानोव्हस्की, १८९८ मध्ये बायरिंक या शास्त्रज्ञांच्या कामातून. त्याची संपूर्ण अक्षरे १९८२ मध्ये वाचून झाली, ती ६,३९५. फक्त दोन अक्षरांचा फरक. लांबी जवळजवळ सारखी, मांडणीही त्याच घराण्याची. मजकूर मात्र वेगळा. जॉर्डनच्या विषाणूचा सर्वांत जवळचा नातेवाईक तंबाखू विषाणूचाच एक वाण निघाला, आणि दोघांत ८२.४ टक्के अक्षरे जुळली. या घराण्यात ९० टक्क्यांपेक्षा कमी जुळले तर जात वेगळी धरायची असा संकेत आहे. म्हणून नाव नवे. ‘नवा विषाणू’ म्हणजे परवा आभाळातून पडलेला नव्हे. त्याचा सातबारा आजवर कोणी काढलेला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

नावावरून आठवले. ‘टोमॅटो लीफ कर्ल पुणे व्हायरस’ नावाचा एक विषाणूही शास्त्राच्या नोंदीत आहे. वेगळ्या घराण्यातला, पांढऱ्या माशीने पसरणारा, आरएनएऐवजी डीएनएच्या गोल कड्यावर लिहिलेला, अक्षरे पावणेतीन हजारांच्या आसपास. आपल्या पुण्याचे नाव त्याला पडले ते इथल्या पानातून तो वाचला गेला म्हणून. जिल्ह्यातल्या किती टोमॅटोवाल्यांना हे माहीत असेल? मला मुलीने सांगेपर्यंत नव्हते.

जॉर्डनच्या आधी, २०१४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दक्षिण इस्राएलमधल्या ओहाद गावाच्या टोमॅटोवरही असाच रोग आला होता. तिथल्या शेतकऱ्यांना धक्का बसला तो वेगळ्या कारणाने. त्यांच्या वाणात प्रतिकारक जनुक होते. टीएम-टू-टू त्याचे नाव, जंगली टोमॅटोच्या एका जातीतून आणलेले, आणि सुमारे अर्धशतक या घराण्याच्या विषाणूंना त्याने शेतात पाऊल ठेवू दिले नव्हते. पाकिटावर प्रतिकारक लिहिलेले, आणि झाड तर आजारी. असे झाले की आपल्याकडे पहिला आरोप बियाणेवाल्यावर, दुसरा रोपवाटिकेवर. इस्राएलच्या शास्त्रज्ञांनी अक्षरे वाचली, निरोगी रोपांना तोच विषाणू देऊन तोच रोग आणून दाखवला, आणि २०१७ मध्ये लिहिले की हा जॉर्डनवालाच आहे आणि तो हे जनुक ओलांडतो.

कसा ओलांडतो, हेही अक्षरांतच सापडले. या विषाणूकडे चारच प्रथिने. दोन स्वतःच्या प्रती काढायला, आणि त्यांतले दुसरे तर पहिल्याच वाक्याचा पूर्णविराम अधूनमधून ओलांडून पुढे वाचले गेल्यामुळे तयार होते. जागेची एवढी काटकसर मी कुठल्या संसारात पाहिली नाही. तिसरे प्रथिन एका पेशीतून शेजारच्या पेशीत जाण्यासाठी वाट रुंद करते, चौथे अंगावरचे कवच. टोमॅटोचे प्रतिकारक जनुक यांतल्या तिसऱ्याला ओळखते आणि तिथेच अडवते. नव्या विषाणूच्या त्या प्रथिनात काही अक्षरांचा फेरफार झालेला आहे, त्यामुळे राखणदाराला तो ओळखू येत नाही. २०२१ मध्ये हे प्रयोगाने दाखवले गेले. यामुळे पैदासकारांना नवा राखणदार कुठे उभा करायचा हे तरी कळले. अक्षरे वाचली नसती तर ‘वाण खराब निघाला’ एवढ्यावरच सगळे मिटले असते.

अक्षरे हाती आली की फक्त याच विषाणूला ओळखणारी तपासणी बनवता येते. तशी ती बनली, आणि १ नोव्हेंबर २०१९ पासून युरोपीय संघाने टोमॅटो व मिरचीच्या बियाण्या-रोपांसाठी या विषाणूविरुद्ध तातडीचे नियम लागू केले. बी ज्या देशात तयार होते, पाकिटात दुसऱ्याच देशात भरले जाते आणि ट्रेत तिसऱ्या देशात पडते, त्या धंद्यात हे नियम माझ्यासारखीच्याही उपयोगाचे.

इथे मला माझ्या कामाचे थोडे लिहू द्या, कारण माझी ‘काळजी’ इथे सुरू होते. या विषाणूला मावा लागत नाही, पांढरी माशी लागत नाही. तो हाताने जातो. कपड्याने, कात्रीने, सुतळीने, न धुतलेल्या ट्रेने जातो. बियाण्याच्या सालीवर बसतो. बियाण्यातून रोपात उतरण्याचे प्रमाण प्रयोगांत जास्तीत जास्त २.८ टक्के आढळले आहे. माझ्या एका ट्रेला ९८ खाचे असतात, म्हणजे फार तर दोन-तीन रोपे. पण आमच्या बायका रोज हजारो रोपांना हात लावतात. ती दोन-तीन रोपे एका सकाळीत शेजारच्या शंभरांना भेटून येतात. म्हणून आमच्याकडे टोमॅटोच्या ओळीत शिरण्याआधी साबणाने हात धुतात, आणि तंबाखू-मिश्री बाहेर ठेवून येतात. सुरुवातीला मावश्या रागावल्या. मी त्यांना सांगितले, की तंबाखूच्या पानातला विषाणू पुडीतही जिवंत राहतो, तो बोटाला लागतो आणि बोटाचा रोपाला. एका मावशीने विचारले, “मग माझ्या तोंडात गेला त्याचं काय?” मी म्हटले, तुम्हाला तो काही करत नाही, तंबाखू करते. त्यानंतर तिने मिश्री पूर्ण सोडली असे नाही, पण रोपवाटिकेत आणणे सोडले.

आता मुद्द्याचे. २०१९ मध्ये हा विषाणू नेदरलँड्सच्या हरितगृहांत सापडला. तिथल्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या नमुन्यांची अक्षरे वाचली आणि कोणाचे फेरफार कोणाशी जुळतात हे सगळ्यांना पाहता येईल असे इंटरनेटवर मांडले. दोन हरितगृहांतल्या विषाणूंत तेच फेरफार असतील तर वाट एक असण्याची शक्यता मोठी, वेगळे असतील तर वाटा वेगळ्या. त्यांना तीन गट दिसले. म्हणजे सगळा रोग एकाच दारातून आलेला नव्हता.

हे मी वाचले तेव्हा मला शेडनेटच्या दाराशी उभे राहिलेले ते गृहस्थ आठवले. अकरा प्लॉट आणि माझा बारावा. त्या बारा ठिकाणच्या विषाणूंची अक्षरे वाचली असती, सोबत माझ्याकडून रोपे न घेतलेले आणखी पाच-सहा प्लॉट घेतले असते, तर ‘रोपातच होता का’ याचे उत्तर मिळण्याजोगे होते. काकडी मोझॅकचा जिनोम तीन वेगळ्या तुकड्यांत असतो, त्यामुळे जुळवाजुळव अधिक किचकट, पण अशक्य नव्हे. कदाचित उत्तर माझ्या विरुद्ध गेले असते. माझ्या शेडनेटला त्या वर्षी वादळानंतर पश्चिमेच्या बाजूला भोक पडले होते आणि चार दिवस ते शिवायचे राहिले होते. मावा तिथून आत आला असेल का? हा प्रश्न मला पाच-सहा वर्षे झोपू देत नाही असे म्हणणार नाही, पण दर उन्हाळ्यात जाळी तपासताना तो येतोच.

एक सावधगिरीही लिहायला हवी. पानात एखाद्या विषाणूची अक्षरे सापडली म्हणजे रोग त्यानेच केला, असे सिद्ध होत नाही. झाडे अनेकदा दोन-तीन विषाणू अंगावर वागवतात आणि काही विषाणू झाडात निमूट राहतात. इस्राएलच्या लोकांनी निरोगी रोपाला रोग आणून दाखवला तो त्यासाठीच. म्हणून ‘नवा विषाणू सापडला’ असे छापताना एवढे तरी विचारून छापा : फक्त अक्षरे वाचली, की रोग करूनही दाखवला? एका ओळीचे काम आहे, पण त्या ओळीने बाजारातली घबराट वाचू शकते. २०२० मध्ये घबराटीने झालेले नुकसान विषाणूने केलेल्या नुकसानीपेक्षा कमी होते असे मला वाटत नाही.

‘हे सगळे मोठ्या प्रयोगशाळांचे, शेतकऱ्याला काय त्याचे’ असे म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी एक उदाहरण. पूर्व आफ्रिकेत कसावा, म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो ते कंद, हे गरिबाचे रोजचे अन्न. तिथे दोन विषाणूजन्य रोगांनी ते पीक पोखरले आहे. लॉरा बॉयकिन या शास्त्रज्ञ आणि टांझानिया, युगांडा, केनियातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तळहातावर मावणारे अक्षरवाचक यंत्र घेऊन थेट शेत गाठले. झाडाखाली बसून पानातला विषाणू वाचला आणि त्याच दिवशी शेतकऱ्याला सांगितले. कुठल्या गावात मोठी इमारत बांधली नाही. पान जिथले, उत्तरही तिथेच दिले. मला यंत्रापेक्षा ही रीत महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे माणसे नाहीत का? पुण्यात भारतीय कृषी संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, तिथे वनस्पती-विषाणूंवर काम चालते. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. करोनाच्या वर्षांत विषाणूची अक्षरे वाचणे हा शब्दप्रयोग आपल्या घराघरांत पोचला, यंत्रे आली, ती चालवणारी मुले-मुली तयार झाली. माझी मुलगी आणि तिच्या वर्गातले कितीतरी जण हेच शिकताहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची घरे शेतीचीच आहेत.

माझे मागणे फार मोठे नाही. शेतातून पान उचलणाऱ्याने शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठी द्यावी, तिच्यावर नमुन्याचा क्रमांक, तारीख आणि तपासणी कोणती करणार ते लिहिलेले असावे. दूध संकलन केंद्रावर फॅटची पावती रोज दोन वेळा मिळते, मग पानाची का नाही? निकाल आला की तो मराठीत, साध्या कागदावर, त्याच शेतकऱ्याला जावा. ‘काही सापडले नाही’ हाही निकाल आहे, तोही जावा. जिनोम वाचला असेल तर त्याचा सार्वजनिक क्रमांक त्या कागदावर असावा, जसा मला जॉर्डनच्या विषाणूचा मिळाला. ओसरीवर बसून मी जॉर्डनमधल्या टोमॅटोचा सातबारा पाहू शकते आणि माझ्या बांधावरच्या टोमॅटोचा पाहू शकत नाही, हे मला सहन होत नाही. आणि आपण, संपादक महोदय, पुढच्या वेळी चौकट छापाल तेव्हा रोग हाताने जातो, बियाण्याने जातो की किडीने, एवढे तरी त्यात असू द्या. आम्ही त्यावरून ठरवतो, की सकाळी साबण आणायचा, ट्रे धुवायचे की जाळी शिवायची.

शेवटी एक सांगायचे आहे. कॉलेजची सवय म्हणून मी त्या मे महिन्यात आमच्या प्लॉटमधली सात पाने आणि ग्राहकांच्या चार प्लॉटांमधली प्रत्येकी दोन-तीन पाने टिपकागदात दाबून वाळवली होती. प्रत्येकावर तारीख, गट नंबर, वाण आणि लावणीची तारीख पेन्सिलने लिहिलेली आहे. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, कोरड्या जागी, आजही आहेत. संग्रहालयांतल्या जुन्या वाळलेल्या पानांमधूनही विषाणूंची अक्षरे वाचली गेली आहेत, तेव्हा माझ्या पानांतही काही शिल्लक असेल. ज्या संस्थेला ती वाचायची असतील तिने आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावे, मी डबा स्वतः घेऊन येईन. त्या चारही शेतकऱ्यांची मी परवानगी घेतली आहे. दाराशी आलेल्या त्या काकांचे एक पानही त्यांत आहे. निकाल काहीही आला तरी तो आधी त्यांना कळवायचा, ही माझी एकच अट.

आपली,
एक रोपवाटिकाधारक वाचक,
ता. जुन्नर, जि. पुणे